शिवणीतली माया

आम्ही दोघे सख्खे भाऊ. दोघेही मराठीत एम.ए. केलेले, दोघेही वेगवेगळ्या गावांतील महाविद्यालयांत मराठी शिकवणारे. हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे. एरवी आमच्यात वाङ्मयीन मतभेदच अधिक; परंतु विषय कपड्यांचा आहे, आणि कपड्यांच्या बाबतीत आम्ही लहानपणी एका ताग्यातले होतो.

हे आलंकारिक बोलणे नव्हे. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते. दिवाळीच्या आधी पगार हाती आला की ते एस.टी.ने इचलकरंजीला जात. इचलकरंजी हे यंत्रमागांचे गाव. जिथे कापड विणले जाते तिथेच ते घ्यावे, म्हणजे मधला दलाल सुटतो, असे त्यांचे अर्थशास्त्र. एकाच ताग्यातले सात-आठ वार कापड घेऊन ते संध्याकाळी परतत. त्यातून आम्हा दोघांचे सदरे, ताईचा झगा आणि काही उरलेच तर उशीचा अभ्रा होई. रंग अण्णाच निवडत आणि त्यांचा निकष एकच असे: कापड मळखाऊ हवे. आमच्या बालपणाचा रंग कोणता असे कोणी विचारले, तर उत्तर एका शब्दात देता येईल: मळखाऊ.

कापड आले की दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतल्या टेलरमास्तरांकडे वरात निघे. मास्तर मापे घेत आणि अण्णा दर वर्षी तेच वाक्य उच्चारत, "वाढत्या अंगाचं शिवा मास्तर. माया ठेवा." शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. पोर वाढले की शिवण उसवायची, माया सोडायची आणि सदरा आणखी एक वर्ष चालवायचा. आमच्या सदऱ्यांच्या बाह्यांना मनगटाशी नेहमी एक गडद पट्टा असे. बाकीचे कापड उन्हाने आणि धुण्याने विटलेले, आणि नुकताच मोकळा केलेला तो पट्टा नव्यासारखा. शाळेत पोरे त्या पट्ट्यावरून सदऱ्याचे वय ओळखत. आम्हाला त्याची लाज वाटे. माया हा शब्द आम्ही पुढे संतवाङ्मयात निराळ्या अर्थाने शिकलो आणि आता शिकवतोही. परंतु त्याची पहिली ओळख आम्हाला बाहीच्या त्या पट्ट्यातून झाली.

ही व्यवस्था थोरल्याने मोडली. १९९४ साली तो अकरावीला कोल्हापूरला गेला. दिवाळीनंतर धाकटा त्याला भेटायला वसतिगृहावर गेला, तेव्हा दोघांच्या अंगात एकाच कापडाचे सदरे होते. एका मुलाने विचारले, "कुठल्या बँडपार्टीतले रे तुम्ही?" सगळे हसले. पुढल्या दिवाळीला थोरल्याने अण्णांना सांगितले, की मी यापुढे एका ताग्यातले घालणार नाही. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी पैसे काढून दिले आणि म्हणाले, "तुझं तू आण." थोरल्याने आपल्या पसंतीचा पहिला तयार शर्ट आणला, झगझगीत निळा. तो दुसऱ्या धुण्यातच फिका पडला. धाकट्याचा सदरा नेहमीप्रमाणे ताग्यातलाच आला, पण तो घालताना त्याला प्रथमच एकटे वाटले. आज लिहिताना त्याने हे कबूल केले. इतकी वर्षे तो हे बोललेला नव्हता.

*

अण्णा २००६ साली निवृत्त झाले. शाळेने शाल, श्रीफळ आणि सूटपीस दिला. सूटपीस ही आपल्याकडची एक विलक्षण वस्तू आहे. ती शिवण्यासाठी नसतेच. ती देण्यासाठी असते. एका लग्नात आहेर म्हणून आलेला सूटपीस दुसऱ्या लग्नात आहेर म्हणून जातो आणि वर्षानुवर्षे अंगाला न लागता घराघरांतून फिरतो. आमच्या घरातूनही असे कितीतरी आले आणि गेले. परंतु निवृत्तीचा तो सूटपीस अण्णांनी फिरवला नाही. कडुनिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या घालून तो त्यांनी ट्रंकेत ठेवला. "शिवून घ्या की," असे आम्ही म्हटले, तर म्हणाले, "मला कुठं जायचंय सूट घालून?" त्यांचा पोशाख आयुष्यभर पांढरा नेहरू शर्ट आणि पांढरा पायजमा हाच होता.

२००८ मध्ये थोरल्याचे लग्न ठरले. एका दुपारी अण्णांनी ट्रंक उघडून तो सूटपीस बाहेर काढला, पलंगावर पसरला आणि म्हणाले, "हे शिवून घे. चांगलं कापड आहे." राखाडी, किंचित तपकिरीकडे झुकलेले कापड, त्यावर जवळून पाहिले तरच दिसेल अशी बारीक रेघ. थोरल्याने पाहिले आणि तो म्हणाला, "अण्णा, हा रंग आता कोणी घालत नाही." अण्णांनी "बरं" म्हटले आणि कापडाची जुनी घडी पुन्हा तशीच घातली. थोरल्याने लग्नात दुकानातून आणलेला काळपट चकचकीत सूट घातला. त्याच्या छायाचित्रांकडे आज तोही फार वेळ पाहत नाही. पुढे २०१२ मध्ये धाकट्याचे लग्न झाले. अण्णांनी सूटपीस पुन्हा काढला नाही, आणि धाकट्यानेही विचारला नाही. २०२२ मध्ये अण्णा गेले.

*

या वर्षी ताईच्या मुलीचे लग्न ठरले, मुहूर्त मार्गशीर्षातला. भाचीने फर्मान काढले, "दोन्ही मामांनी सूट घालायचा. आणि शिवून घ्यायचा, रेडिमेड नाही." कारण विचारले तर म्हणाली, "रेडिमेडमध्ये तुमचे खांदे दुसऱ्या कुणाचे तरी वाटतात." मुलीचा मामा बोहल्यावर तिच्या पाठीशी उभा राहतो; त्याचे खांदे त्याचेच असावेत ही अपेक्षा वाजवी होती. आम्ही दोघे एका रविवारी कोल्हापुरात कापडाच्या दुकानात जाऊन उभे राहिलो, आणि चाळिशी उलटल्यावर आमच्या ध्यानात आले की आपल्याला कापड निवडता येत नाही. लहानपणी ते अण्णांनी निवडले; नंतर तयार कपड्यांच्या दुकानांनी. तयार कपडा आपल्याला फक्त एक प्रश्न विचारतो: होतो की नाही? शिवून घ्यायचा कपडा मात्र परीक्षकासारखा प्रश्नामागून प्रश्न विचारतो, आणि त्यांतला एकही वैकल्पिक नसतो.

पहिला प्रश्न पोताचा. सूटिंगच्या ताग्यांवर सुपर १००, सुपर १२० असे आकडे दिसले. मोठा आकडा म्हणजे चांगले कापड, असे आम्ही धरून चाललो होतो. तसे नाही. हा आकडा लोकरीच्या तंतूची बारीकी सांगतो. सुपर १०० म्हणजे तंतूची सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनपेक्षा अधिक नाही. आकडा दहाने वाढला की जाडी अर्ध्या मायक्रॉनने उतरते. तंतू जितका बारीक तितके कापड मऊ आणि महाग, पण तितकेच नाजूकही. ते लवकर चुरगळते आणि बाकावर, खुर्चीवर घासून लवकर झिजते. वर्गात खडू आणि बसमध्ये दांडी धरणाऱ्या माणसाने सुपर १०० च्या फार पुढे जाऊ नये. शिवाय हा आकडा लोकरीचा आहे. निव्वळ पॉलिस्टर-व्हिस्कोसच्या कापडावर तो छापलेला असला तर त्याला काही अर्थ उरत नाही. तसे कापड आम्हाला दाखवले गेले, आणि आम्ही ते जवळजवळ घेतलेच होते.

दुसरी गोष्ट वजनाची. विक्रेता कापड उलगडून त्याची झूळ दाखवत होता. मीटरला २६० ग्रॅमच्या आसपासचे साध्या विणीचे लोकरी कापड आपल्या हवेला पुरते. त्याहून जड घेतले तर कोटाची घडी सुरेख पडते, पण आतला माणूस उकडून निघतो. लोकर म्हणजे थंडीचे कापड, हा आपला समज अर्धाच खरा आहे. मोकळ्या विणीची पातळ लोकर हवा खेळू देते आणि घाम टिपते. पॉलिस्टर यांतले काहीच करत नाही. कापड पारखण्याची एक सोपी युक्तीही तिथेच शिकलो. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट चुरगळायचा आणि सोडायचा. चांगली लोकर हळूहळू आपली आपण सावरते.

तिसरा प्रश्न रंगाचा, आणि इथे आम्ही अडकलो. थोरल्याला काळा हवा होता. फोनवरून आईने तो तत्काळ रद्द केला, "लग्नात काळा? संक्रांत आहे का?" मग गडद निळ्यावर आला. दुकानातल्या दिव्यांखाली गडद निळा आणि काळा यांत फरकच कळेना. दुकानातल्या एका वृद्ध गृहस्थांनी तागा उचलून सरळ दारात, रस्त्यावरच्या उन्हात नेला आणि म्हणाले, "कापड दिव्यात बघू नये, सर. दिवा सगळ्यांना सारखं करतो." उन्हात निळा निळा दिसला. आम्ही मग प्रत्येक तागा दारात नेऊन पाहिला. थोरल्याने गडद निळा घेतला, धाकट्याने मधल्या छटेचा राखाडी. बिल करताना लक्षात आले की दोघांपैकी एकाही रंगावर धूळ दिसणार नाही. अण्णांचा निकष आमच्या नकळत दुकानापर्यंत आला होता.

*

साहित्याच्या माणसांना कोणत्याही गोष्टीत संहिता दिसते, असा आमच्यावर आरोप होतो. पण पोशाख ही खरोखरच वाचायची गोष्ट आहे, आणि महाराष्ट्राला हे नव्याने सांगायला नको. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, तेव्हा महात्मा फुले तिथे शेतकऱ्याच्या वेषात गेले. जरीच्या पगड्या आणि अंगरखे यांच्या त्या गर्दीत त्यांचा वेष हे स्वतंत्र भाषण होते. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत गांधीजींनी पंचा स्वीकारला. आणि ज्यांच्या पूर्वजांना चांगले वस्त्र वापरण्याचीही मनाई होती, त्या समाजातून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर नेटका सूट घालत राहिले. कुणी अंगावरचे वस्त्र कमी करून आपली बाजू सांगितली, कुणी ते पूर्ण करून. पण या तिघांच्याही निवडीत योगायोग नव्हता. प्रश्न कोणता पोशाख चांगला हा नव्हता, तर तो कोणाच्या बाजूने बोलतो, हा होता.

या थोर उदाहरणांच्या शेजारी आमचा सूट ठेवण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. एवढेच म्हणायचे आहे, की निवडणे म्हणजे काहीतरी म्हणणे आहे, आणि थोरला २००८ मध्ये "हा रंग कोणी घालत नाही" असे म्हणाला, तेव्हा तो फक्त रंगाविषयी बोलत नव्हता. हे त्याला तेव्हा कळले नव्हते. अण्णांना कळले असावे.

*

कापड घेऊन आम्ही गावी गेलो. बाजारपेठेतले टेलरमास्तर आता सत्तरीच्या पुढे आहेत. मशीनवर मुलगा बसतो, पण मापे घेणे आणि कापणे त्यांनी स्वतःकडे ठेवले आहे. गावात शिवून घेणारी माणसे कमी झाली. दुकानात कपडे बारीक करून देण्याचे आणि चेन बदलण्याचे काम जास्त. आम्ही सूटचे नाव काढल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि वही उघडली.

मास्तरांचे शब्द ऐकणे हा आमच्यासाठी एक तास होता. सदरा हा शब्द छाती या अर्थाच्या अरबी शब्दाकडून आलेला, अस्तर फारसीतून. काज हे पोर्तुगीज 'काझा'वरून, म्हणजे घर, बटणाचे घर. कोट इंग्रजीतून. शिंप्याच्या एका वाक्यात चार देश शेजारी बसतात आणि कोणाचे कोणाशी बिनसत नाही. शिवाय हा धंदा आमच्या भाषेच्या कुळाचाच आहे. नामदेवांचे घराणे शिंप्याचे. गज, कात्री, सुई, दोरा ही धंद्याची अवजारे त्यांनी भक्तीच्या कामाला लावली, आणि त्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबातही जाऊन बसली.

मास्तर विचारू लागले आणि आम्ही उत्तरे देऊ लागलो. लॅपल कसले? खाच असलेले, टोक वर चढलेले की शालीसारखे गोल? आम्ही खाचेचे म्हणालो. टोकाचे लॅपल नवरदेवाला शोभते, मामाने त्याच्याशी स्पर्धा करू नये. बटणे? दोन. "खालचं लावायचं नाही," मास्तरांनी बजावले. सातव्या एडवर्डच्या पोटामुळे ही रीत पडली अशी एक कथा सांगतात; ती खरी असो वा नसो, आमच्या पोटांना ती सोयीची होती. मागे चीर एक की दोन? दोन्ही बाजूंना असली तर खिशात हात घातल्यावर कोट मागून वर गोळा होत नाही, आणि शिक्षक खिशात हात घातल्याशिवाय उभा राहत नाही. अस्तर पूर्ण की अर्धे? पाठीला अर्धेच ठेवावे असे ठरले, म्हणजे वारा लागेल; आणि पॉलिस्टरचे नको, व्हिस्कोसचे घ्यावे, ते घाम टिपते. पँटीला चुण्या? थोरल्याला एक, धाकट्याला नको.

मग सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, जो बाहेरून कोणालाच दिसत नाही. कोटाच्या छातीला आकार देण्यासाठी कापडाच्या आत एक थर घालतात. हल्ली बहुतेक ठिकाणी तो उष्णतेने चिकटवतात. काम झटपट होते, स्वस्त पडते. पण काही वेळा ड्रायक्लीनिंग झाले की डिंक सुटतो आणि छातीवर फोड आल्यासारखे कापड फुगते. जुनी रीत म्हणजे घोड्याच्या केसांचा धागा विणलेला कॅनव्हास हाताने, सैल टाक्यांनी जोडायचा. तो चिकटत नाही, कापडाबरोबर हलतो आणि वापराने अंगाचा आकार घेतो. मास्तर म्हणाले, "चिकटवलेलं पहिल्या दिवशी सगळ्यांत चांगलं दिसतं. टाक्यांचं दहाव्या वर्षी." आम्ही टाक्यांचे म्हणालो. या निर्णयावर आमच्यात मतभेद झाला नाही, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

*

निघताना आईने एक पिशवी हातात दिली होती, "हे पण दाखवा मास्तरांना. काय होतंय का बघा." पिशवीत अण्णांचा सूटपीस होता. आम्ही दोघांनीही तो वाटेत उघडला नव्हता.

मास्तरांनी तो फळीवर पसरला. काठाला गिरणीची अक्षरे विणलेली होती, थोडी पुसट. त्यांनी काठाचा एक धागा ओढला, काडी पेटवून जाळला आणि नाकाशी धरला. जळक्या केसांचा वास आला, आणि बोटांत राख चुरगळताना आत एक बारीक कडक मणी लागला. "टेरीवूल," ते म्हणाले. केसांचा वास लोकरीचा, मणी पॉलिस्टरचा. "पण चांगलं आहे. गुरुजींना चांगलं दिलं होतं."

मग त्यांनी कापड उजेडाकडे धरले आणि आम्हाला दिसले. एका अंगाला कसर लागली होती. लोकरीत पडणाऱ्या किडीला मराठीत कसर म्हणतात. पाच-सहा बारीक छिद्रे, त्यांतून दारातला उजेड दिसत होता. कडुनिंब आणि डांबरगोळ्या अण्णा दर वर्षी बदलत. ते गेल्यावर कोणी बदलल्या नव्हत्या. आणि मधोमध, उभ्या घडीवर, इतक्या वर्षांची एक फिकी रेघ उमटली होती. मास्तरांनी तिच्यावर ओला फडका ठेवून इस्त्री फिरवली. वळ गेला, फिकेपणा राहिला.

सव्वातीन मीटर कापड. त्यातून घडीची रेघ आणि कसरीचा भाग वगळायचा. मास्तर खडूने आखत, पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "पुरा सूट बसत नाही. एक कोट बसेल, तोही ओढाताणीत. धाकट्या सरांच्या मापाचा."

दुकानात थोडा वेळ कोणी बोलले नाही. धाकटा म्हणाला, "दादा, अण्णांनी तुला दिलं होतं. तू घे. थोडा सैल-घट्ट चालेल." थोरला म्हणाला, "मी तेव्हाच नाकारलंय. माझा हक्क नाही." धाकटा म्हणाला, "मी तर विचारलंही नव्हतं." असे एकमेकांकडे कापड सारणे चालले असताना आम्हाला दोघांनाही, बहुधा एकाच वेळी, एक नको असलेली गोष्ट कळली: घ्यायला कोणीच तयार नाही, कारण ते अंगावर घालून वावरणे दोघांनाही अवघड आहे. असे प्रसंगच सूटपीसला पुन्हा ट्रंकेत पाठवतात. आम्ही आणखी दहा मिनिटे तसेच वाद घालत राहिलो असतो, तर तो परत घरी गेला असता आणि कसरीला उरलेलेही मिळाले असते.

थोरल्याने विचारले, "मास्तर, यातून एकसारख्या दोन वस्तू काय होतील?"

मास्तरांनी कापड पुन्हा उलटले. "जाकिटं," ते म्हणाले. कोटाच्या आतले बिनबाह्यांचे जाकीट समोरूनच कापडाचे असते; पाठ अस्तराची. पाऊण-पाऊण मीटरमध्ये एकेक होते, आणि लहान तुकडे असल्यामुळे घडीची रेघ आणि कसर दोन्ही टाळून कापता येते. राखाडी-तपकिरी निळ्याखालीही चालेल आणि राखाडीखालीही. "मग दोन जाकिटं," थोरला म्हणाला. "एकसारखी. बटणंसुद्धा सारखी."

ज्याने १९९५ च्या दिवाळीत एका ताग्यातून आपले अंग काढून घेतले होते, त्याने ते असे परत घातले. धाकटा काही बोलला नाही. त्याने मास्तरांना सांगितले, की जाकिटाचा डावा खिसा जरा खोल ठेवा, पेन बसेल असा. अण्णांच्या नेहरू शर्टाचा खिसा तसा असे.

यात काही भरपाई झाली, असा आमचा दावा नाही. ज्या अंगावर ते कापड जायला हवे होते ते अंग आता नाही, आणि दिलेली वस्तू अठरा वर्षे उशिरा घेणे म्हणजे वेळेवर घेणे नव्हे. फक्त कापड जसे उरले होते तसे वापरता आले. कापण्याआधी मास्तरांनी कात्री हातात घेऊन आमच्याकडे पाहिले. "कापू?" त्यांनी विचारले. कापलेले कापड पुन्हा अखंड होत नाही. शिंप्याला हे विचारावेच लागते. आम्ही दोघे एकदम "हो" म्हणालो.

*

पंधरा दिवसांनी ट्रायल झाली. ट्रायलचा कोट हा पाहण्यासारखा प्रकार असतो. एकच बाही लावलेली, पांढऱ्या दोऱ्याचे लांबलचक कच्चे टाके सगळीकडे दिसताहेत, अस्तर नाही, कॅनव्हास उघडा. आम्ही आरशासमोर उभे राहिलो. मास्तरांनी थोरल्याचा डावा खांदा पाहिला आणि म्हणाले, "हा खांदा पाव इंच खाली आहे. गुरुजींचाही होता." पिशवी डाव्या खांद्यावर घेऊन पस्तीस वर्षे शाळेत गेल्याने अण्णांचा खांदा उतरला, असे आम्ही समजत होतो, थोरल्याने कधी खांद्याला पिशवी लावलेली नाही. मास्तर म्हणाले, "आत थोडं भरतो, बाहेरून सारखं दिसेल." थोरला म्हणाला, "भरू नका. असू दे तसाच."

जाकिटे जवळजवळ पुरी झाली होती. ती घालून आम्ही शेजारी उभे राहिलो, तेव्हा मास्तरांचा मुलगा मशीन थांबवून हसला आणि म्हणाला, "एका ताग्यातले दिसताय, सर."

मास्तर वहीत शेवटच्या नोंदी करत होते. त्यांनी मान वर न करता विचारले, "माया किती ठेवू?"

आमचे उत्तर यायला वेळ लागला. चाळिशीनंतर अंग उंचीला वाढत नाही. वाढते ते कमरेला, आणि ते वाढणे काही अभिमानाचे नसते. आम्ही सांगितले, "नेहमीइतकी ठेवा." मास्तरांनी पेन्सिल थांबवली. "तुम्हाला नाही विचारत," ते म्हणाले. "थोरल्या सरांचा पोरगा सोळाचा झाला ना? हाडानं मोठा होणार तो. पाठीला आणि बगलेला दोन-दोन इंच सोडतो. कॉलर आणि खांदा सोडून सगळं मोठं करता येतं."

कोटावर आम्ही निवडलेले सगळे, रंग, लॅपल, बटणे, चीर, लोकांना दिसेल. लग्नात कोणी कौतुक करील, कोणी करणार नाही. आत राखून ठेवलेले कापड कोणालाच दिसणार नाही, आणि कोणी ते पाहण्याचे कारणही नाही. अण्णांनी आमच्यासाठी रंग निवडले ते आम्ही नाकारले, आणि ते नाकारण्याचा आम्हाला हक्कही होता. शिवणीच्या आत त्यांनी दर वर्षी जे ठेवायला सांगितले, त्याबद्दल मात्र आम्ही कधी विचारच केला नव्हता. आम्हाला फक्त बाहीवरच्या गडद पट्ट्याची लाज वाटत होती.

थोरल्याच्या मुलाला हे कापड, हा रंग आवडेल का? बहुधा नाही. तो नाकारील, आणि त्याने नाकारावेही. आम्ही मास्तरांना म्हणालो, "दोन इंच ठेवा."

त्यांनी वहीत लिहिले.